अंगावरचं लुगडं

कपाटाचं दार उघडलं की मला अजून वाटतं, मागे उंबऱ्यावर सरजामावशी बसली आहे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, हात बिडी वळतायत आणि डोळे माझ्या कपाटात. आता विचारेलच, "हे कोनाच्या अंगावर हाये व?"

हा तिचा एकच प्रश्न होता. तो तिने आमच्या गावातल्या जवळपास प्रत्येक पेटीला विचारला. उत्तर आलं नाही, की ते कापड त्या घरातून गेलं म्हणून समजा.

आमचं गाव लाखनीच्या अलीकडे. मोठ्या रस्त्यावर उतरायचं आणि तळ्याच्या पाळीवरून चालत आत यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात माझे मालक आणि सासूबाई. सासूबाईंचं नाव अनसूया, पण त्यांना नावाने हाक मारणारी एकच बाई उरली होती, ती सरजामावशी. दोघी एकाच वर्षी सून म्हणून गावात आलेल्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या, आणि आता दोघींचेही नवरे गेलेले. एवढं सोडलं तर दोघींत सारखं काही नव्हतं.

मी फार बोलणारी बाई नाही. चौथीत होते तेव्हा आई गेली आणि शाळाही सुटली. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. लिहिताना कोणी समोर बसलेलं नसतं, म्हणून लिहिते.

माझ्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती तेव्हाची गोष्ट. दुपारी एक उंच, काटकुळी बाई घरात शिरली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पुढचा एक दात नाही. तिने माझं नाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही. माझ्या पत्र्याच्या पेटीसमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "उघड."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "उघड बाई. नाही तं इथीच मुक्काम करीन ते."

पेटीत माझी दोन सुती पातळं होती, आईची. बाकी लग्नात आलेली नायलॉनची. मावशी प्रत्येक कापड आधी हवेत झटकायची, मग गालाला लावायची, मग वास घ्यायची. सुती पातळं गालाला लावून ती बराच वेळ थांबली.

"हे नेसतेस का?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मंग काहून ठेवले?"

आईची आहेत हे सांगायला तोंड उघडलं, पण शब्द निघेना. तिलाच कळलं असावं. एका पातळाचा काठ तिने दाताने धरून सर्रकन फाडला आणि माझ्या हातावर ठेवला. "हे माय. हे ठेव. बाकीच्या पातळाले अंग पायजे." मग दोन्ही पातळं काखेत मारली आणि जाताना त्यांच्याशीच बोलली, "चला बाई, कामाले लागा."

मी तो काठ धरून तशीच बसले. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या पेटीवर निभावलं. आता माह्या पेटीच्या मागं लागीन."

मावशीच्या स्वतःच्या घरी पेटी नव्हती. भिंतीशी एक बांबूची दांडी टांगलेली आणि तिच्यावर एक लुगडं. एक अंगावर, एक दांडीवर, एवढाच तिचा संसार. असं का, हे तिला विचारलं की ती गोष्ट सांगायची. कधी म्हणायची, माहेरी वैनगंगेच्या पुरात पेटी वाहून गेली. कधी म्हणायची, पेटीला वाळवी लागली आणि उघडली तर आत मातीच. एकदा तर चोरांनी नेली म्हणाली, आणि चोरांची नावंही सांगितली. शेवट मात्र दर वेळी एकच असायचा. "पेटी गेली, अन् माय, त्या रात्री मले अशी झोप लागली का, सकाळी कोंबड्यानं आरवून आरवून घसा बसवला."

तिचं खरं वैर होतं भांडेवालीशी. जुने कपडे घेऊन वाटी, डबा देणारी ती बाई उन्हाळ्यात यायची. टोपली उतरवली की गावातल्या बाया कपड्यांची गठडी घेऊन धावत. मावशी तिथेच झाडाखाली सूप घेऊन बसे आणि एकेकीला टोचत राही.

"कपडे देऊन वाटी घेतली ना व? आता ते वाटी कुठी ठेवशीन?"

"फळीवर, मावशी."

"फळी भरली मंग?"

"मंग दुसरी फळी लावीन."

"लाव, लाव. मांगून फळ्या ठेवाले घर बांध." मग भांडेवालीकडे वळून, "तू पोटासाठी करतेस बाई, तुले दोष नाई. ह्या बाया कायच्यासाठी करतेत, ते मले सांग."

भांडेवाली हसायची. जाताना मावशीकडून एक बिडी मागून घ्यायची.

गावात तिची सगळ्यात गाजलेली कामगिरी म्हणजे गुरुजींचा कोट. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांचा काळा लोकरी कोट डांबराच्या गोळ्या घालून पेटीत असायचा. वर्षातून एकदा निघायचा, उन्हात पडायचा आणि पुन्हा आत जायचा. गुरुजींच्या बायकोला त्या वासाने शिंका यायच्या. गुरुजी भंडाऱ्याला गेलेले पाहून तिने तो मावशीच्या हवाली केला. मावशीने तो धान राखणाऱ्या माणसाला दिला. थंडीत तो रात्री घालायचा आणि सकाळी दवाने भिजला की वाळायला बुजगावण्याच्या अंगावर चढवायचा.

दोन-चार दिवसांत गावात बोभाटा झाला. गुरुजींना गर्व आला म्हणे! पाळीवरून जाणारे लोक रामराम करतात आणि गुरुजी बांधावर हात पसरून उभे, मान म्हणून हलवत नाहीत. हे गुरुजींच्या कानावर आलं तेव्हा ते काठी घेऊन तडक बांधावर गेले. मी त्या बाजूला गवत कापत होते. बुजगावण्यासमोर ते उभे राहिले. त्याने त्यांच्याकडे पाठ केली होती. मावशी मागून आलीच.

"काहून गुरुजी, ओळखलं का?"

गुरुजी पुढे झाले. कोटाची बटणं नीट लागली आहेत का, ते त्यांनी पाहिलं. वरचं एक सुटलं होतं, ते लावलं.

"तुमच्या पेटीत नुसता निजून होता," मावशी म्हणाली. "आता पाहा कसा उभा हाये."

"सरजे," गुरुजी म्हणाले, "माझ्यापेक्षा त्यालेच बरा बसते." आणि निघून गेले. पुढे धान निघेपर्यंत ते रोज फिरायला त्याच बांधावरून जायचे आणि कोटाला रामराम करायचे.

अशी सगळ्या गावाच्या पेट्या उघडणारी बाई. पण सासूबाईंची पेटी तिला उघडता आली नव्हती.

ती लाकडी पेटी माझ्या खाटेच्या खोलीतच होती. सासरे असताना दर वर्षी धान विकलं की भंडाऱ्याहून सासूबाईंसाठी एक लुगडं आणायचे. हिरवं, जांभळं, कुसुंबी, रुंद काठाचं. सासूबाई ते हातात घेऊन म्हणायच्या, "मंग नेसीन," आणि घडी न मोडता पेटीत ठेवायच्या. पोराच्या लग्नात नेसायचं ठरलं होतं. लग्नाच्या आदल्या वर्षी सासरे गेले. त्यानंतर त्यांतलं एकही रंगीत लुगडं नेसणं त्यांना जमेना आणि एकही देववेना. अंगावर मळकट रंगाची दोनच, आलटून पालटून. पेटीची किल्ली कमरेला.

अंगणात मावशी दिसली, की सासूबाई सुपात तांदूळ घेऊन पेटीवर जाऊन बसायच्या. तांदूळ आधीच निवडलेले असले तरी.

"अनसूये, वाळवी लागली असन. पाहू दे ना व."

"लागू दे."

"एक डाव हवा तं लागू दे बिचाऱ्यांले."

"तुले काय करायचं? माही पेटी, माहे लुगडे."

"तुहे कुठी? तुह्या अंगावर तं हे चिंधूक हाये."

"सरजे, चहा पेतेस का जातेस?"

"चहा पेऊन जातो."

दर वेळी इथेच संपायचं. एकदा सासूबाई आत गेल्या तेव्हा मावशी मला हळूच म्हणाली, "तुही सासू लुगडे नाई राखत, पोरी. नवरा राखते." मी चहा गाळत होते. थोडा बाहेर सांडला.

मला दिवस गेले. माहेर म्हणावं असं नव्हतंच, म्हणून बाळंतपण सासरीच होणार होतं. बाळ यायच्या आधी काही तयारी करायची नाही, अशी सासूबाईंची समजूत. आमच्याकडे पाचवी होईपर्यंत बाळाच्या अंगाला नवं सूत लावत नाहीत. कोण्या म्हाताऱ्या बाईने नेसून नेसून मऊ केलेलं लुगडं असतं, त्यात त्याला गुंडाळतात. तिचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, वेळेवर काढू, घरात काय कापडाला तोटा आहे?

पोर ठरल्याच्या आधी आली. रोवणीचे दिवस, पावसाची झड लागलेली, सगळा गाव धानाच्या बांधीत राबायला, प्रत्येक दाराला कडी. भर दुपारी माझ्या पोटात कळ आली. मालक दाईला घेऊन आले, मावशी हाकेला धावली, सासूबाई बांधीतून धावत आल्या त्या गळ्यापर्यंत चिखलात. मुलगी झाली. दाईने तिला हातावर घेतलं आणि म्हणाली, "आणा, जुनं कापड आणा."

सासूबाई वळल्या आणि तशाच थांबल्या. अंगावरचं लुगडं चिखलाने भरलेलं. दुसरं ओसरीत, तीन दिवसांच्या झडीत वाळलं नव्हतं, पाणी गळत होतं. मालकांचे सदरे टेरिलीनचे. माझी पातळं नायलॉनची.

"सुनेचे सुती पातळं होते ना, मऊ?" सासूबाई म्हणाल्या. "कुठी गेले ते?"

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. तिची मान पहिल्यांदाच खाली गेलेली मी पाहिली. "ते... खालच्या आळीतल्या पोरीले देले. तिलेबी लेकरू झालं होतं."

"अन् आमचं लेकरू काय पोत्यात गुंडाळू?"

"मले काय बोलतेस? तुह्या पेटीत तं सारं दुकान भरलं हाये, काढ ना त्यातून!"

"ते नवं हाये! खळीचं हाये! नवं सूत लावते का कोनी?"

"मंग नेसून जुनं कराचं होतं ना व! कोनं हात धरला होता?"

"तू सारं वाटून बसलीस!"

"तू सारं दाबून बसलीस!"

"भांडा," दाई म्हणाली. "लेकरू थंडं पडून राहिलं, तुम्ही भांडा."

मग मावशी दाराआड गेली. क्षणभराने दारावरून एक लुगडं आलं, कोरडं आणि तिच्या अंगाची ऊब असलेलं. दाईने टर्रकन दोन तुकडे केले आणि पोर त्यात गुंडाळली. ती रडायची थांबली.

"अनसूये," दाराआडून मावशी म्हणाली, "मले काही तरी दे व अंगावर घ्याले. नायलॉन नको, अंगावर ठरत नाई ते."

सासूबाईंच्या हाताला आलं ते धानाचं रिकामं पोतं. तेच त्यांनी आत दिलं. "थांब, तुह्या दांडीवरचं घेऊन येतो."

"दांडी रिकामी हाये."

"काहून?"

"काल रोवण्याच्या बाईले देलं. थरथरून राहिली होती ना ते."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "अव सरजे, तू मानूस हायेस का झाड? सारे पानं झाडून मोकळी!"

"मंग झाडाले काही तरी नेसव ना. पोतं टोचते."

दाई हसायला लागली. मला हसू आलं तर पोटात दुखायला लागलं. सासूबाईंनी मात्र हात धुतले, कमरेची किल्ली काढली आणि पेटीसमोर बसल्या. कुलूप हलेना. चुलीजवळचं तेल सोडलं तेव्हा निघालं.

वरचं लुगडं साधंसं होतं, राखाडी. ते उचलून त्यांनी उलगडलं आणि ते घडीवर फाटलं. कोणी ओढलं नव्हतं. जिथे जिथे घडी होती तिथे तिथे सूत विरून गेलेलं. त्यांनी दुसरं काढलं, जांभळं. तेही तसंच. कुसुंबी तर हातात दोन झालं. एका अंगालाही न लागलेली लुगडी आतल्या आत जुनी होऊन बसली होती. सासूबाई एकेक उलगडून उजेडाकडे धरायच्या, घडीच्या रेघांतून उजेड आरपार यायचा, आणि बाजूला ठेवायच्या. मला वाटलं, आता रडतील. दाराआडून मावशीनेही फटीतून पाहिलं असावं.

अगदी मधलं एक धड निघालं. हिरवं, लाल काठाचं. ते सासूबाईंनी मांडीवर घेतलं. मग उठल्या आणि दाराआड हात लांबवला.

"नेस."

"अव... हे हिरवं हाये, अनसूये. मी नेसू?"

"मंग काय पोतं नेसून जाशीन?"

मावशी बाहेर आली तेव्हा आम्ही पाहतच राहिलो. खळीचं लुगडं, प्रत्येक पावलाला कुरकुर करत होतं. तिला नीट चालता येईना. "माय व, हे तं बोलते," म्हणाली, आणि पावसात निघाली. सासूबाई उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. ओल्या मातीच्या रस्त्यावरून ते हिरवं लांब लांब जाताना त्यांनी पाहिलं.

"पेटीत येवढं हिरवं नव्हतं वो हे," त्या मला म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, बाहेर बघतच, "जा बाई, कामाले लाग."

गावात तोंडं हललीच. विधवा बाई आणि हिरवं लुगडं! कोणी विचारलं की मावशी म्हणायची, "मंग पोतं नेसू का?" पुढे तिला काहीही विचारलं तरी हेच उत्तर यायला लागलं. मावशी, चहात साखर कमी झाली का? मंग पोतं नेसू का?

विरलेल्या लुगड्यांची सासूबाईंनी मुलीसाठी गोधडी शिवली. जांभळी, कुसुंबी, राखाडी. पेटीला पुन्हा कुलूप लागलं नाही. किल्ली हरवली असं त्या सांगायच्या. ती मला रोज चुलीमागच्या कोनाड्यात दिसायची.

मुलगी सातवी-आठवीत होती तेव्हा मावशीच्या हाताला कंप सुटला, बिड्या वळता येईनात. साकोलीला तिची लेक होती, ती न्यायला तयार झाली. जायच्या दिवशी आम्ही तिला मोठ्या रस्त्यावर पोचवायला गेलो. थंडी होती. सासूबाईंना मोतीबिंदूने धूसर दिसायचं, त्या माझा हात धरून आल्या होत्या. मावशीच्या हातात एक थैली, आणि अंगावर तिचं नेहमीचं राखी लुगडं.

सासूबाईंनी काखेतून एक लुगडं काढलं. अंजिरी रंगाचं. मीच त्यांना लाखनीच्या बाजारातून आणून दिलं होतं. "हे घे. अन् आता हे कोनाले देऊ नको. नवं नाई ते, म्या नेसलं हाये."

"तू? हे? कवा?"

"काल. दिवसभर. घडी मोडून देतो, म्हंजे तुले कोनाले आहेरात देता येणार नाई."

मावशीने लुगडं उलटंपालटं करून पाहिलं. "अंजिरी नेसलीस, अन् मले हाक नाई मारली? म्या पायलं नाई व!" एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मग तिने थैलीत हात घातला आणि एक कापड काढून माझ्या हातात दिलं. ते हिरवं लुगडं. धुऊन धुऊन त्याचा रंग पाण्यात पडलेल्या पानासारखा झाला होता. गालाला लावावं इतकं मऊ.

"पोरीच्या लेकराले होईन," ती म्हणाली. "ठेव."

"काय मनली?" सासूबाई ओरडल्या. "ऐकलं का वो सूनबाई? सरजा ठेव मनते! आता मी मेली तरी हरकत नाई!"

एसटी आली. मावशी चढली, खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी कडेवर पोर घेतलेली एक बाई होती, पदरात त्याला झाकत होती. मावशीने अंजिरी लुगडं खांद्यावरून पांघरलं आणि आम्हाला हात केला. गाडी हलली. हलताना मी पाहिलं, ती शेजारणीकडे वळली, काही बोलली आणि हात वर गेले. वळणावर गाडी तिरकी झाली तेव्हा अंजिरी रंग मावशीच्या पलीकडे होता, त्या बाईच्या आणि तिच्या पोराच्या भोवती. अलीकडे मावशीचं राखी लुगडं वाऱ्यात फडफडत होतं.

सासूबाई डोळे बारीक करून बघत होत्या. त्यांना काही दिसत नव्हतं.

"अंगावर हाये ना वो?" त्यांनी विचारलं.

"हाये," मी म्हणाले.

कोणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.